पाण्यात माइक सोडला तर डॉल्फिन ऐकू येतील का?

प्रश्न: परवा गोव्यात नेरूलच्या कोको बीचवरून डॉल्फिन बघायच्या बोटीत बसलो. दोन-तीन दिसले. मुलगी म्हणाली, सायंटिस्ट लोक पाण्यात माइक सोडून डॉल्फिन आणि पॉरपॉइजवर (डॉल्फिनचाच लहानसा भाऊबंद) लक्ष ठेवतात. खरं का? आणि मोबाईल वॉटरप्रूफ पाउचमधून पाण्यात सोडला तर आवाज मिळेल का?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर: मुलगी अगदी बरोबर बोलतेय, तिला सांगा. त्या माइकला हायड्रोफोन म्हणतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, आणि मांडवी-जुवारी नद्यांच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमीच, त्यामुळे ही जनावरं आवाजावरच जगतात.

मोबाईलचं मात्र विसरा. पाउचवर लाटा आपटल्याचाच आवाज येईल, आणि फोन फार तर २० किलोहर्ट्झच्या (आवाज किती उंच हे मोजायचं माप) आसपासचं रेकॉर्ड करतो, आपल्या कानांचीही हद्द तेवढीच. डॉल्फिनची शीळ त्यात बसते, पण मासे शोधायला तो जे क्लिक, म्हणजे टिक्-टिक् असे तुटक आवाज, मारतो ते १०० किलोहर्ट्झच्याही वर जातात.

खरी गंमत पॉरपॉइजची आहे. आपल्या किनाऱ्यावर असतो तो फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे पाठीवर पर नाही, उड्या मारत नाही, बोटीजवळ येत नाही, श्वासाला जरासा वर येतो आणि गेला, त्यामुळे गोव्यात जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी तो बघितलेलाच नसतो. हा शीळही घालत नाही, नुसते बारीक क्लिक, आणि तेही सगळे आपल्या कानांच्या पार पलीकडचे. म्हणून त्याच्यासाठी वेगळं यंत्र लागतं, क्लिक लॉगर. ते तळाशी बांधून ठेवायचं, ते आवाज साठवत बसत नाही, कुठला क्लिक कधी आला, किती किलोहर्ट्झचा होता एवढंच नोंदवतं, त्यामुळे बॅटरी महिनोन् महिने पुरते. रात्री, पावसाळ्यात, जेव्हा आपली बोट जातच नाही तेव्हाही त्याचं काम चालू. माशाजवळ पोचताना क्लिक इतके जवळजवळ येतात की सलग गुंजनच होतं, म्हणजे जनावर नुसतं गेलं की तिथे जेवलं हेसुद्धा कळतं!

अडचणी आहेतच. तळाशी टिचकी मारणारी सुंगटं (कोळंबी) असतात, तव्यावर मोहरी तडतडावी तसा त्यांचा आवाज दिवसरात्र चालू, त्यातून क्लिक निवडावे लागतात. एवढा उंच आवाज पाण्यात लवकर विरतो, त्यामुळे पॉरपॉइज काहीशे मीटरच्या आत आला तरच नोंद होते, आणि लॉगर गप्प राहिला म्हणजे जनावर नव्हतंच असं धरता येत नाही. शिवाय ट्रॉलरच्या जाळ्यात यंत्रच ओढलं जायची भीती.

मोजणीचं म्हणाल तर एका यंत्रावरून आकडा निघत नाही, एकच पॉरपॉइज हजारो क्लिक मारतो. उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्रात २०११ ते २०१३ मध्ये आठ देशांनी मिळून ३००हून जास्त लॉगर लावले, तेव्हा कुठे तिथल्या मुख्य कळपाचा साधारण ५०० असा अंदाज आला.

मुलीला ऐकायचंच असेल तर कानाने ऐकायचा साधा हायड्रोफोन आणि हेडफोन पुरे, शीळ मिळू शकते, फक्त बोटवाल्याला इंजिन बंद करून लांबच थांबायला सांगा. डॉल्फिनच्या मागे बोट पळवणाऱ्यांना तर हे दरवेळी सांगाच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि इंजिनच्या आवाजात त्यांची आपसातली शीळ बुडून जाते.