एकमेकींत गुंतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोष्टी वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्या ‘गर्ल, वुमन, अदर’पासून. २०१९चं बुकर या कादंबरीला मिळालं (मार्गारेट ॲटवुडबरोबर विभागून, आणि ते विभागणं मला अजूनही पटलेलं नाही).

ब्रिटनमधली बारा माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय बाया. प्रत्येकीला स्वतंत्र प्रकरण, पण एकीच्या गोष्टीत कडेला उभी असलेली बाई पुढे स्वतःच्या गोष्टीत मधोमध येते. शर्लीचंच बघा. कॅरोलच्या नजरेतून ती नुसती कडक, मागे लागणारी मास्तरीण. तिच्या स्वतःच्या प्रकरणात कळतं, की उमेदीनं शिकवायला आलेली ही बाई वर्षानुवर्षं त्या नोकरीत कशी कडवट होत गेली, आणि ज्या विद्यार्थिनीला तिनं घडवलं ती कॅरोल साधी भेटायलाही फिरकली नाही. कॅरोलची आई बुमी नायजेरियातून गणिताची पदवी घेऊन आलेली, लंडनमध्ये मात्र साफसफाईची कामं करते. ते प्रकरण सावकाश वाचा.

पूर्णविराम जवळजवळ नाहीत, वाक्यं कवितेसारखी तुटत जातात. पहिली वीसेक पानं अडखळायला होईल, मग सवय होते. नावांचा गोंधळ होतोच, मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नाती लिहून ठेवली होती.

हे आवडलं तर ग्लोरिया नेलर यांचं ‘द विमेन ऑफ ब्रूस्टर प्लेस’ घ्या. १९८२चं, अमेरिकेतलं. एक बंद गल्ली, सात बायका. आकारानं लहान, पण जास्त बोचतं.