आधी फोन लाव

लेकरा,

धरण फुटणार असा खोटा मेसेज तू ग्रुपांवर टाकलास, आणि वर "मेसेज खरा निघाला असता आणि मी पाठवला नसता, तर?" असं विचारलंस. प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून लिहायला बसलो. पण उत्तर एकच आहे: आधी फोन लावायचा. तलाठ्याला, पोलीस पाटलाला, धरणावरच्या अभियंत्याला. कुणीच उचलला नाही, तर नदीकाठच्या कुण्या ओळखीच्याला.

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना, गोदावरी फुगल्या तेव्हाचा तो मेसेज मी पुन्हा वाचला. "आज रात्री धरण फुटणार, सगळ्यांना कळवा." कुठलं धरण? आज म्हणजे कोणती तारीख? सांगतंय कोण? विसर्गाच्या सूचनेत धरणाचं नाव असतं, किती दरवाजे उघडले, किती क्युसेक पाणी किती वाजता सोडणार, हे असतं. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. ते उघडतात धरण सलामत राहावं म्हणून. गोदाकाठी वाढलेल्या पोराला हे सांगावं लागतं, याचा मला राग येतो. आणि "आज रात्री" लिहिलेला मेसेज कधी शिळा होत नाही. पुढच्या पावसाळ्यात तोच पुन्हा फिरेल.

मोबाईल नव्हते तेव्हाही हेच होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला "पहाटे पुन्हा मोठा हादरा येणार" असं कुणीतरी म्हणायचं आणि बाळंतीण तान्हं लेकरू घेऊन पत्र्याच्या शेडातून पावसात येऊन बसायची. भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, हे घसा फोडून सांगितलं तरी लोक ऐकत नसत. १९९२ पासून तिथं धक्के बसत होते, भीती आधीच मुरली होती.

मी तेव्हा वार्ताहर होतो. गावातल्या यादीशी ताळा केल्याशिवाय मृतांचा आकडा पाठवत नव्हतो. त्यावरून बोलणी खाल्ली, "तुमची बातमी शिळी" हे ऐकलं. आजही मला ते बरोबरच वाटतं. यादीत एक नाव चुकलं की जित्या माणसाच्या घरी रडारड होते. खंत एवढीच, की ताळा न करता आकडे पाठवणाऱ्या बाकीच्यांशी मी आणखी भांडायला हवं होतं.

बातमी खरी निघाली तर? फोनवर दोन मिनिटांत कळेल. मग नुसतं फॉरवर्ड करून बसू नकोस. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांची दारं वाजव. पण आधी फोन.

तू मेसेज डिलीट केलास म्हणे. पुढं गेलेला त्यानं परत येत नाही. ज्या ग्रुपांवर टाकलास, तिथं "तो मेसेज खोटा होता, मी पाठवला होता" असं स्वतःच्या नावानं लिही. मला उत्तर नंतर लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
काका