आधी सहा वर्षांचा हिशेब मांड

पत्र : मी कोकणा समाजाची, सुरगाणा तालुक्यातली. नाशिकला शासकीय आदिवासी वसतिगृहात राहते आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय राज्यशास्त्र. वडील वनजमीन कसतात. वनहक्काच्या दाव्यात आम्ही कसतो त्यापेक्षा फारच कमी जमीन मंजूर झाली. का, ते कोणीच सांगत नाही. तेव्हापासून वकील व्हायचं मनात आहे. घरचे म्हणतात, पोलीस भरती दे, वनरक्षक हो, वकिलीत आपलं कोण आहे? माझं इंग्रजी कच्चं आहे. आणखी एक भीती वाटते. वकील झालेच, तरी आयुष्यभर तालुक्याला बसून दाखले आणि प्रतिज्ञापत्रंच करावी लागतील का? आमच्यातलं कोणी या व्यवसायात मोठं होतं का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

‘वकिलीत आपलं कोण आहे?’ हा घरच्यांचा प्रश्न तू अडथळा म्हणून लिहिला आहेस. मला तो योग्य प्रश्न वाटतो आणि त्याचं खरं उत्तर ‘फार थोडे’ असंच आहे. मार्च २०२५ मध्ये कायदामंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून देशभरातल्या उच्च न्यायालयांत ७१५ न्यायाधीश नेमले गेले. त्यांतले अनुसूचित जमातींचे १६. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बहुतेक वकिलांमधून आणि जिल्हा न्यायाधीशांमधून निवडले जातात. म्हणजे वर माणसं कमी आहेत, कारण दहा-वीस वर्षं वकिलीत टिकून राहिलेली माणसंच खाली कमी आहेत.

ती का टिकत नाहीत, हे तुला आताच कळायला हवं. कायद्याची पदवी पुष्कळ मुलंमुली घेतात. गळती होते ती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर. ज्युनिअर म्हणून कोणाच्या तरी हाताखाली उभं राहायचं, तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, आणि महिनाअखेरीला हातात येईल तेवढ्यात खोलीचं भाडं भागवायचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं आहे. पण ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि जिल्हा न्यायालयांच्या आवारात इतकं मिळणारे ज्युनिअर तुला शोधावे लागतील. ज्याच्या घरी आधीपासून वकिली आहे किंवा शहरात घर आहे, त्याला ही वर्षं निभावतात. तुझ्यासारखी मुलगी याच टप्प्यावर सोडून देते, आणि मग लोक म्हणतात, यांना जमलं नाही.

म्हणून घरी ‘तीन वर्षांचा कोर्स आहे’ असं सांगू नकोस. सहा वर्षं सांग. तीन शिक्षणाची, तीन तुटपुंज्या कमाईची. घरात कर्ज असेल किंवा धाकट्या भावंडांचं शिक्षण तुझ्या पगारावर अवलंबून असेल, तर आधी नोकरी धरणं यात कमीपणा काही नाही. मात्र दोन्ही एकदम जमेल या भरवशावर राहू नकोस. एलएल.बी.ला ७० टक्के हजेरी लागते, आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. घरची गरज इतकी तातडीची नसेल, तर मी तुला वकिलीकडेच जा म्हणेन. तुझ्या पत्रात जो राग आहे त्याला नेमकी दिशा आहे, आणि अशी मुलं कोर्टात हवी आहेत.

आता कामाचं. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी पदवीला अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना ४० टक्के गुण लागतात. राज्याची विधी सीईटी पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते आणि प्रश्नपत्रिका मराठीतही असते. इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत. राज्याच्या कोट्यात जमातींना ७ टक्के जागा आहेत, पण त्या जागेवर बसायला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. कला शाखेच्या मुलांचं इथेच अडतं, कारण बी.ए.ला ते कोणी मागितलेलं नसतं. तुझ्याकडे ते नसेल तर हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम ते कर. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जमिनीचे जुने उतारे, जे १९५० च्या आधीचं मिळेल ते गोळा कर. घरात कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत वंशावळीसह जोड. जात पडताळणी समितीला वेळ लागतो आणि प्रवेशाची तारीख तुझ्यासाठी थांबत नाही.

राहण्याची सोय वसतिगृहात पुन्हा अर्ज करून होऊ शकते. नाही झाली तर स्वयं योजनेतून जेवण आणि निवासाचा खर्च खात्यावर मिळतो. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर करायचा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे, तेव्हा चौकशीला प्रत्यक्ष जा. फोनवर ही कामं होत नाहीत.

सनदेच्या खर्चाबद्दल तुला कोणी घाबरवेल, म्हणून हे लक्षात ठेव. वकील कायदा १९६१ च्या कलम २४ प्रमाणे नोंदणीचं शुल्क सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. तरीही राज्यांच्या बार कौन्सिल कित्येक हजार रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही, आणि अशी जादा वसुली दुर्बल घटकांतल्या मुलांना या व्यवसायाच्या दाराबाहेर ठेवते हेही निकालात स्पष्ट लिहिलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. गुणवत्तेच्या नावाखाली जी दारं बंद असतात, त्यांतली कित्येक प्रत्यक्षात पैशाने बंद असतात, हे देशाच्या मुख्य न्यायाधीशांच्या पीठाने लिहून ठेवलं आहे.

इंग्रजीचं काय? महाराष्ट्रात उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ सालची अधिसूचना आहे तशी. फिर्याद, कैफियत, उलटतपासणी हे सगळं तुला मराठीत करता येईल, आणि पक्षकार तुमच्या कोकणा बोलीत बोलला तर त्याचं म्हणणं तुला जसं कळेल तसं शेजारच्या टेबलावरच्या वकिलाला कळणार नाही. पण उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं आणि तुझा शेवटचा प्रश्न मोठं होण्याचा आहे. तेव्हा इंग्रजी टाळून चालणार नाही. संभाषणाच्या क्लासला पैसे घालू नकोस. रोज एका निकालाची चार पानं वाच, त्यातला युक्तिवाद मराठीत स्वतःच्या शब्दांत लिही, मग तोच इंग्रजीत लिहून बघ. तुला लागणारं इंग्रजी कायद्याचं आहे, आणि ते ठरावीक वळणाचं असल्यामुळे वर्षा-दीड वर्षात हाताशी येतं.

वडिलांच्या दाव्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझा अभ्यास इथूनच सुरू होऊ शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. नियम सांगतात की दावा फेटाळला किंवा त्यात बदल केला, तर कारणं लेखी द्यायची आणि दावेदाराला कळवायची. उपग्रहाचं छायाचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतं, त्यांच्या जागी नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, शेताचे बांध, जमिनीचं सपाटीकरण, घर, झोपडी, हे सगळे नियम १३ मधले पुरावे आहेत. जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध अपिलासाठी महाराष्ट्रात २०२० पासून राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय समित्याही आहेत. वडिलांना लेखी निर्णय मिळालेला नसेल, तर तो तारखेसह मागण्याचा अर्ज आजच करा आणि पोच घ्या. अपिलाची मुदत निर्णय कळल्यापासून मोजतात.

हे मी मुद्दाम सांगते आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या कुटुंबांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत लाखो घरांचं भवितव्य एका प्रश्नावर टांगलेलं होतं : फेटाळताना प्रक्रिया पाळली होती का? त्याचं उत्तर तालुक्याच्या फायलींमध्ये होतं. कोणत्या दाव्याला नोटीस गेली नाही, कुठे स्थळपाहणी न करताच केली असं लिहिलं, हे ज्याने गावात बसून पाहिलं आहे तो माणूस वकिलाच्या काळ्या कोटात असला, तर तीच गोष्ट न्यायालयापुढे वेळेवर आणि पुराव्यासह जाते. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या खाणीबद्दल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. कायदा हाताशी असला आणि तो वाचणारं गावात कोणी असलं की काय होतं, ते तिथे जाऊन बघण्यासारखं आहे.

पण एक सावधगिरी. ‘आदिवासींच्या केस हिच्याकडे द्या’ एवढीच ओळख होऊ देऊ नकोस. पहिली दोन-तीन वर्षं दिवाणी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदा घोटून घे. वाटपाचे दावे, चेकच्या केस, जामीन, मोटार अपघात, येईल ते काम कर. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालणारं जमीन महसूल संहितेचं कलम ३६ किंवा १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा लढवायचा तरी शेवटी सातबारा, फेरफार आणि साक्षीदार यांवरच लढावा लागतो. ज्या वकिलाची उलटतपासणी सगळ्या बारला, म्हणजे तिथल्या सगळ्या वकिलांना, ऐकावीशी वाटते, तिचं म्हणणं वनहक्काच्या केसमध्येही जास्त ऐकलं जातं. आणि उलट, पुढे गेल्यावर समाजाची ओळख लपवण्याचा मोह होईल, तोही नको.

पहिल्या वर्षांच्या कमाईसाठी एक वाट नीट बघून ठेव. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. आरोपींच्या बाजूने पूर्णवेळ काम करणारे वकील तिथे नेमतात आणि दरमहा मानधन देतात. त्यातल्या सहायक पदाला शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो. फौजदारी काम इतक्या लवकर आणि इतक्या प्रमाणात हाती येणारी दुसरी जागा मला माहीत नाही. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे, तेव्हा ही वर्षं तिथेही मोजली जातील.

आता ‘आमच्यातलं कोणी मोठं होतं का?’ नागालँडचे न्यायमूर्ती एच. के. सेमा २००२ ते २००८ सर्वोच्च न्यायालयात होते. तामिळनाडूत जव्वादू डोंगरातली मलयाळी जमातीची श्रीपती २०२४ मध्ये तेविसाव्या वर्षी दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. बाळंत झाल्यावर दोनच दिवसांत ती परीक्षेला बसली होती. बाहेरच्या देशांतही हा रस्ता लांबचाच आहे. कॅनडात १९२७ ते १९५१ या काळात मूळनिवासींना जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला पैसे गोळा करणंही कायद्याने बंद होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्या मूळनिवासी न्यायाधीश, मिशेल ओबोंसाविन, २०२२ साली आल्या. ऑस्ट्रेलियात पॅट ओशेन १९७६ मध्ये पहिल्या आदिवासी बॅरिस्टर झाल्या आणि टोनी मॅकअवॉय २०१५ मध्ये पहिले ज्येष्ठ वकील. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. त्या वर्षांत नावं न झालेली कितीतरी माणसं रोज कोर्टात उभी राहिली, म्हणून पुढच्यांना ती पायरी मिळाली.

मोठेपण फक्त न्यायाधीशाच्या खुर्चीत शोधू नकोस. बार असोसिएशनची कार्यकारिणी निवडून येते, राज्याची बार कौन्सिल निवडून येते, सरकारी वकिलांच्या नेमणुका होतात, विधी सेवेच्या पॅनेलवर नावं जातात. ज्युनिअरना काय मिळावं, महिला वकिलांना बसायला जागा आहे का, गोंडी, भिली किंवा कोकणा बोली बोलणाऱ्या साक्षीदाराला दुभाषा मिळतो का, हे प्रश्न अशाच ठिकाणी मांडले जातात किंवा राहून जातात. सनद मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी बारच्या निवडणुकीत एखाद्या छोट्या पदाला उभी राहा. हरलीस तरी सगळ्या बारला तुझं नाव कळेल. तालुक्याला बसणं ही शिक्षा समजू नकोस, पण तिथे कायमचं अडकायचंही नाही. दोन वर्षं तालुका, मग जिल्हा, आणि हातात स्वतःची दोन-चार चांगली अपिलं आली की ती घेऊन मुंबईला उच्च न्यायालयात, असा क्रम मी तुझ्यासाठी धरेन. उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद वकिलीची दहा वर्षं झाल्याशिवाय येत नाही, त्यामुळे आज त्याचा विचार बाजूला ठेव.

सीनिअर निवडताना नाव बघू नकोस. त्यांच्याकडे ज्युनिअर स्वतः युक्तिवाद करतात का, ते बघ. सुट्टीत आठवडाभर जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसलीस की कळेल. मुलींशी त्यांच्या ऑफिसात कसं वागतात, तेही आधीच्या ज्युनिअर मुलींना विचारून घे. विचारायला संकोचू नकोस.

सहा वर्षांनंतरही हे जमत नाही असं वाटलं, तर सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, न्यायाधीशाची परीक्षा आहे, आणि कायदा शिकलेल्या माणसाची गरज आदिवासी विकासाच्या कामातही असते. तेव्हा घरच्यांना सांग की हा डाव एका परीक्षेवर लावलेला नाही. वैधतेची कागदपत्रं जमवताना काही अडलं तर कोणता कागद अडला आहे ते नेमकं लिहून पाठव, त्यावर वेगळं उत्तर देईन.