दोनशे तासांनंतर काय? बाग तारण ठेवण्याआधी वाचा

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आहे. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही घेऊन. तिला पायलट व्हायचंय. मुंबईचा एजंट म्हणतो, "दोनशे तास झाले की एअरलाइन उचलते. तास कमी पडले तर भरून देऊ." महिनाअखेर दोन लाख ॲडव्हान्स मागतोय. पुतण्या म्हणतो, अमेरिकेत दीड हजार तास लागतात. खरं काय आणि बाग तारण ठेवू का, असं ते विचारतात.

नमस्कार दादा,

दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्सला किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमान तिच्या जबाबदारीवर. एक पल्ला 300 सागरी मैलांचा, साधारण 555 किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. देवगडहून सरळ रेषेत मुंबई गाठायची आणि जवळजवळ घरापर्यंत परत यायचं, एवढं ते अंतर. रात्रीचे आणि नुसत्या उपकरणांवर उडवायचे ठरावीक तासही त्या दोनशेतच. एवढं झालं आणि त्यावर एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायची वेगळी परवानगी, घेतलं की कायद्याने को-पायलटच्या खुर्चीत बसता येतं.

अमेरिकेत 2009 साली बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. त्यानंतर 2013 पासून तिथे को-पायलटलाही साधारणपणे 1500 तासांची अट आली. आपल्याकडे 1500 तास लागतात ते पुढच्या, एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सला, म्हणजे कॅप्टन होण्याच्या वाटेवर. ते तास नोकरीत, पगार घेत भरता येतात.

पण 200 तासांनी लायसन्स मिळतं, नोकरी नाही. कंपनीची लेखी परीक्षा, सिम्युलेटरवरची चाचणी, मुलाखत हे सगळं त्यानंतर. आणि ही नोकरभरती समुद्राच्या भरती-ओहोटीसारखी चालते. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. अशा वेळी अनुभवी पायलट बाजारात येतात आणि नव्या मुलांची रांग मागे सरकते. उलट 2023 मध्येच इंडिगोने 500 आणि एअर इंडियाने 470 विमानांची मागणी नोंदवली. पायलटांच्या विश्रांतीचे नियम कडक झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये पायलट कमी पडले आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. म्हणजे गरज खरी आहे. मात्र सगळ्यात जास्त चणचण असते ती अनुभवी कॅप्टनची. नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलीला वर्ष-दोन वर्षं थांबावं लागू शकतं, हे धरूनच हिशोब करा.

"तास भरून देऊ" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादा, या माणसाला एक रुपयाही देऊ नका. लॉगबुकात, म्हणजे पायलटच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, न उडवलेला तास लिहिणं हा गुन्हा आहे. 2011 मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले पायलट पकडले गेले, त्यानंतर कागद तपासले जातात. उघडकीस आलं तर लायसन्स मुलीचं जाईल, एजंटचं नाही. आणि उघडकीस नाही आलं, तर तो तास तिला खरंच येत नसेल, आणि मागे प्रवासी बसलेले असतील.

आता बागेचं. प्रशिक्षणाला 50 लाखांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून जास्त लागतात. टाइप रेटिंग वेगळं. समजा 50 लाख कर्ज 11 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिन्याला जवळपास 69 हजार. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरात तो सुरू होतो, नोकरी लागो न लागो. तुमच्या सातबारावर पीककर्जाचा बोजा आहे आणि चुलत्यांची नावंही आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. सगळ्यांच्या सह्या लागतील. मोहोर गळाला त्या वर्षी फवारणीचे पैसे आणि हा हप्ता दोन्ही कुठून काढणार?

म्हणून आधी कमी खर्चाचं करा. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पॅनेलवरच्या डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. चष्मा असला तरी चालतो, रंग ओळखण्यात दोष असेल तर गाडी तिथेच अडते. मेडिकल झाल्यावर घरी अभ्यास करून तिला डीजीसीएचे पेपर द्यायला लावा: एअर नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, टेक्निकल. प्रत्येकात 70 टक्के लागतात. यातून तिची तयारी किती, ते तिचं तिलाच कळेल, आणि बागेला हात लागलेला नसेल.

तोवर रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची सरकारी अकादमी आणि गोंदियाची संस्था यांच्या प्रवेश परीक्षांकडे लक्ष ठेवा. कुठेही फी भरण्याआधी हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडमध्ये, जाऊन उभे राहा. उडण्याजोगी विमानं किती, शिकवणारे किती, मागच्या बॅचला 200 तासांना किती महिने लागले, हे तिथल्या मुलांनाच विचारा. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, त्यामुळे "वर्षात पूर्ण" यावर विसंबू नका. आणि टाइप रेटिंग कंपनीचं निवडपत्र हातात आल्याशिवाय करू नका. आपल्या चिपी विमानतळावर उतरणारं पंख्याचं छोटं एटीआर आणि मोठं एअरबस यांची रेटिंग वेगळी असतात, चुकीच्या विमानाचं घेतलं तर ते लाखो रुपये वाया जातात.

पत्रात तिचं एकही वाक्य नाही. मेडिकलचा निकाल आला की तिलाच लिहायला सांगा, पुढचं तिच्याशी बोलू.