बाबांनी विसाची नोट परत उचलली

ताई नमस्कार, आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. ऑगस्टपासून नाशिकहून सासूसासरे आलेत, जानेवारीपर्यंत आहेत. एरवी सगळं छान चाललंय पण बाहेर जेवायला गेलो आणि बिल आलं की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या शनिवारी पाच जण जेवायला गेलो, बिल १२० डॉलर आणि वर टॅक्स. कार्डानं बिल भरलं, टिपसाठी विसाची एक नोट आणि दोन सुट्टे डॉलर फोल्डरमधे ठेवले आणि हात धुवायला गेले. गाडीपाशी पोचलो तर वेट्रेस मागून धावत आली आणि हळूच विचारलं, काही चुकलं का माझं? मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी विसाची नोट उचलून खिशात घातली होती. म्हणे दोन हजार रुपये कशाला, ताटं आणून ठेवली एवढंच ना, पगार नाही का मिळत तिला? घरी आल्यावर चौदा वर्षांचा लेक म्हणाला आजोबा चीप आहेत, ते सासूबाईंनी ऐकलं, तेव्हापासून घरात धुसफूस आहे. नवरा एरवी 'चष्मा राहिला आत' असं सांगून परत जातो आणि गुपचूप पैसे ठेवून येतो, त्या दिवशी नेमका तो फोनवर होता. टिप नक्की किती द्यायची आणि बाबांना सांगायचं कसं?

* * *

अगं, बाबांशी नंतर बोल, आधी लेकाशी बोल. चीप हा शब्द आजोबांसाठी परत वापरायचा नाही, आणि नुसतं रागावून नको, का ते समजावून सांग. तुझ्या नवऱ्याला विचार, गॅसचं सिलिंडर जिने चढून वर आणणाऱ्याला बाबा कधी नुसतं जा म्हणाले का? आमच्याकडे दिवाळी आली की वडील बँकेतून कोऱ्या नोटांचं बंडल आणायचे आणि वसुबारसेच्या संध्याकाळी कॉटवर पसारा मांडून बसायचे, पोस्टमन, पेपरवाला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, वॉचमन, सगळ्यांची यादी, प्रत्येकाची पोस्त वेगळ्या पाकिटात आणि सोबत फराळाची पुडी, तिच्यात चकल्या मोजून चार. पाचवी घातली की आई ओरडायची, हा भाग वेगळा. तर ही माणसं काही कंजूष नव्हेत. वर्षभर ज्याचा चेहरा बघितला त्याला स्वतःच्या हातानं, खुशीनं द्यायचं, ही त्यांची पद्धत. हॉटेलात बडीशेपेच्या बशीत दहावीस रुपये ठेवले तर ठेवले, नाही ठेवले तरी वेटरचा पगार होतोच.

घोळ इथंच होतो. टिप म्हटलं की बाबांना बक्षिशी ऐकू येते, आणि अमेरिकेत टिप म्हणजे बक्षिशी नाही, तो तिचा पगारच आहे, फक्त मालकाऐवजी तो आपण देतो.

बाबांना आकडा सांग, त्या पिढीला आकडा पटतो. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतःच्या खिशातून किमान किती द्यायचे याचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, आकडा आहे तासाला २ डॉलर १३ सेंट, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. १९९१ साली नाशिकला दुधाचा भाव काय होता ते बाबांना आठवत असेल, तेवढं विचार फक्त. टिप धरून फेडरल मिनिमम वेज, म्हणजे तासाचं किमान वेतन, ७ डॉलर २५ सेंट, भरलं नाही तर फरक मालकानं द्यायचा असा कायदा आहे, पण तो मागायला जाणार कोण? आपल्या न्यू जर्सीत आकडे वरचे आहेत पण टिपवाल्यांचा मूळ पगार इथंही पूर्ण मिनिमम वेजपेक्षा खूपच कमी. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन अशा काही राज्यांत टिप असो नसो पूर्ण मिनिमम वेज द्यावंच लागतं, तरी तिथलेही लोक टिप देतातच, आता काय बोलणार.

बाबा म्हणतील मग मालकानं नीट पगार द्यावा. बरोबर बोलतायत, मलाही ही पद्धत आवडत नाही. त्यांना सांग की हे मत जुनंच अमेरिकन आहे, १९०९ साली वॉशिंग्टन राज्यानं टिपवर चक्क बंदी घातली होती, मागून आणखी काही राज्यांनीही, आणि १९२६ पर्यंत हे सगळे कायदे गुंडाळले गेले. पण मालकावरचा राग त्या पोरीवर काढून मालकाला काय कळणार, त्याच्या गल्ल्यात तर १२० डॉलर गेलेच.

आणि आता माझं ऐक, म्हणजे बाबांवरचा तुझा राग जरा कमी होईल. १९९८ ची गोष्ट, आम्ही नवीन होतो, मिशिगनमधे, नवऱ्यांचे पगार बेताचे आणि प्रत्येक गोष्टीला रुपयांत गुणायची सवय. सहा जणी एका डायनरमधे गेलो, दोन तास बसलो, लिंबू आणा, गरम पाणी आणा, परत लिंबू आणा, बिल ३८ डॉलर झालं आणि आम्ही सहा क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, टेबलावर नीट एकावर एक रचून ठेवले, दीड डॉलर, आणि आपण काय मोठ्या मनाच्या म्हणून खूश होऊन निघालो. पुढं त्यातलीच एक जण व्हिसाचं मार्गी लागल्यावर दुसऱ्या एका रेस्टॉरंटात वेट्रेसचं काम करायला लागली, तेव्हा तिनं सांगितलं की रात्री घरी जाताना वेट्रेसला टेबलं पुसणारे, बारवाला यांना वाटा द्यावा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी तिच्या टेबलांवर किती विक्री झाली त्यावर ठरतो, तिला टिप किती मिळाली त्यावर नाही. म्हणजे काहीच न ठेवणारं टेबल तिला स्वतःच्या खिशातून पडतं. आणि देसी फॅमिली आत येताना दिसली की हे टेबल तू घे, नको तूच घे असं चालायचं, तिच्यासमोर, ती स्वतः देसी असून. ते लिंबू मला अजून आठवतं.

आता किती द्यायची ते. टेबलावर आणून वाढतात तिथं १८ ते २० टक्के, टॅक्स धरायच्या आधीच्या रकमेवर. पंधरा दिलीस तर कुणी पोलिस बोलावणार नाही, पण पंधराच्या खाली जायचं तर कारण हवं, आणि जेवण उशिरा आलं किंवा पास्ता गार होता हे कारण नव्हे, तो किचनचा दोष, मॅनेजरला बोलावून सांग. सोपा हिशोब म्हणजे मेनूवरची किंमत सव्वापट करूनच वाचायची. आपला टॅक्स ६.६२५ टक्के आणि वर टिप. तुमचंच बघ, १२० ची सव्वापट १५०, आणि १२० अधिक टॅक्स ७.९५ अधिक तुझे २२ म्हणजे १४९.९५. सव्वापट परवडत नसेल तर त्या दिवशी घरी पिठलंभात, त्यात कमीपणा कसला! बाबांनाही मेनू हातात घेतानाच हे सांगून ठेव, मग शेवटी बिल बघून धक्का बसत नाही. बुफे असेल तर दहाच्या आसपास चालतं, पाणी आणून देणारा आणि ताटल्या उचलणारा असतोच ना.

आठ-दहा जण जाता तेव्हा मात्र बिल नीट वाचायचं. सहा किंवा जास्त माणसं असली की बरीच हॉटेलं १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, आधीच लावतात आणि खाली टिपची रिकामी ओळही ठेवतात. आमच्या गणपतीच्या ग्रुपनं एकदा घाईत दोन्हीकडे भरलं आणि महिनाभर त्यावरून एकमेकांना टोमणे मारले.

कॉफीच्या काउंटरवर तो टॅबलेट तुझ्याकडे फिरवून पोरगा छताकडे बघत उभा राहतो ना, तिथं लाजायचं कारण नाही. आपण होऊन उचलून आणलेल्या मफिनवर २५ टक्के कशाचे? 'नो टिप' दाब आणि गोड हसून थँक्यू म्हण, मी रोज दाबते. स्वतः जाऊन आणलेलं पार्सल असेल तर मर्जी. घरी डिलिव्हरी घेऊन येणाऱ्याला मात्र द्यायचीच, पाऊस किंवा बर्फ असेल तर जरा जास्तच. केस कापणाऱ्याला १५-२० टक्के, हॉटेलची खोली आवरणाऱ्या बाईला रोजचे दोन ते पाच डॉलर आणि ते रोज सकाळी उशीजवळ, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण त्या दिवशी दुसरीच बाई आलेली असते.

हे सगळं अमेरिकेपुरतं हं. लंडनला बिलात बहुतेक १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, मग वर काही नको. जर्मनीत पैसे देतानाच आकडा वर करून सांगतात, ४६ झाले तर पन्नास घ्या म्हणायचं, टेबलावर ठेवून निघून जायचं नाही. ऑस्ट्रेलियात कुणी अपेक्षाच धरत नाही. आणि टोकियोत माझ्या भाच्यानं टेबलावर नोट ठेवली तर वेटर धावत रस्त्यापर्यंत आला, पैसे विसरलात म्हणून परत द्यायला. म्हणजे वेटर तिथंही मागून धावला आणि तुमच्याकडेही.

बाबांशी हॉटेलात नाही बोलायचं. टेबलावर फोल्डर आलेलं असताना कुणाचंच डोकं थाऱ्यावर नसतं. घरी, दुपारच्या चहाला, आणि तू नको, त्यांच्या मुलानं, म्हणजे तुझ्या नवऱ्यानं बोलावं, सुनेनं पैशांवरून सासऱ्यांना शिकवायला गेलं की त्याचं भलतंच होतं. कॅश ठेवणं बंद कर, टिप कार्डाच्या स्लिपवरच लिही. हे बाबांना फसवायला नव्हे, फक्त नोटा डोळ्यांसमोर नसल्या की रुपयांचा गुणाकार सुरू होत नाही. आणि त्या हॉटेलात तुम्ही दोघंच एकदा जाऊन या, ती असेल तर तिच्या हातात ते वीस डॉलर द्या, फार स्पष्टीकरण देत बसू नका.

शिवाय बाबा जानेवारीपर्यंत आहेत म्हणजे दिवाळीही इथं आणि डिसेंबरही. डिसेंबरात इथं अगदी आपल्या पोस्तीसारखाच प्रकार असतो, घर साफ करायला येणारी बाई, पेपरवाला, मुलांचे क्लास घेणारे, सगळ्यांना पाकीट नाहीतर भेट. ते खातं बाबांकडे सोपव, यादी त्यांनीच करू दे, कोऱ्या नोटा आणायला बँकेतही तेच जाऊ देत, आणि पाकीट देताना लेकाला बरोबर पाठव. फक्त पोस्टमनला कॅश चालत नाही, सरकारी नियम आहे, वीस डॉलरपर्यंतची वस्तू चालते, तर त्याला चकल्या द्या.

आणि ते चष्मा विसरल्याचं नाटक नवऱ्याला बंद करायला सांग, चष्मा त्याच्या नाकावर असतो हे बाबांना पहिल्याच दिवशी दिसलेलं असणार.