इफ-एल्सची गुंतागुंत कशी टाळायची

लोकलच्या तिकिटाचा कोड लिहितो आहेस असं धर. ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ५ पासून १२ च्या आत अर्धं, पुढे पूर्ण. इफच्या, म्हणजे ‘जर’च्या अटीच्या, पोटात इफ घालत जाऊ नकोस. वय ५ पेक्षा कमी असेल तर लगेच शून्य रिटर्न कर, १२ पेक्षा कमी असेल तर अर्धं भाडं, शेवटी पूर्ण. रिटर्न झालं की पुढच्या ओळी चालतच नाहीत, म्हणून एल्स (‘नाहीतर’) लागतच नाही. क्रम मात्र सांभाळ: १२ ची अट आधी आली, तर ३ वर्षांच्या मुलालाही अर्धं तिकीट पडेल. ४, ५, ११ आणि १२ ही वयं टाकून तपासच.

खरा घोळ ‘अँड’ (आणि) व ‘ऑर’ (किंवा) एकाच अटीत आले की होतो. ‘पास आहे ऑर तिकीट आहे अँड मुदत शिल्लक आहे’ असं लिहिलंस, तर बहुतेक भाषांत ‘अँड’ आधी जुळतो आणि मुदत संपलेला पासही चालून जातो. ‘ऑर’भोवती कंस घाल. त्याहून बरं, त्या भागाला ‘प्रवासपत्र_आहे’ असं नाव देऊन वेगळ्या ओळीत ठेव. नाव होकारार्थीच हवं. ‘नॉट अवैध’ वाचताना प्रत्येकजण अडखळतो.