न्यूट्रिनो सगळ्यातून आरपार जातात, मग त्यांना पदार्थ का म्हणायचं? आणि त्यांचा उपयोग काय?

पहिला प्रश्न चांगला आहे. दुसरा ऐकला की माझं डोकं उठतं, कारण आमच्या नात्यात तो भरीत पार्टीला हमखास निघतो.

पहिला आधी उरकतो. अडणं-अडवणं ही पदार्थाची खूण नव्हे. भिंत आपल्याला अडवते ती विद्युतबलामुळे. न्यूट्रिनो हा अणूहूनही बारीक कण; त्यावर विद्युतभारच नाही आणि अणुकेंद्राला बांधून ठेवणारं बलही त्याला लागू होत नाही. गुरुत्व सोडलं तर उरतं क्षीण बल, आणि ते नावाप्रमाणेच. म्हणून नखाएवढ्या जागेतून सूर्याचे सेकंदाला सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पण इलेक्ट्रॉन ज्या कुळातला, लेप्टॉन नावाच्या मूलकणांच्या, त्याच कुळातला हा. इलेक्ट्रॉनला पदार्थ म्हणता ना? मग याला वेगळा न्याय कशाला?

आता माझे साडू. यावल तालुक्यात त्यांचं कृषी केंद्र आहे, खतं-बियाणं-औषधं. माणूस हुशार, हिशोबाला पक्का. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. एका हिवाळ्यात शेतात भरीत होतं. बामणोदची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून झालेली, बायका सालं काढून बडगीत ठेचत होत्या, आणि साडूंनी मोबाइलवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचला की केळीत किरणोत्सर्ग असतो. मी म्हणालो, खरं आहे. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक पोटॅशियम-४० चा असतो, तो फुटत राहतो, आणि एका केळातून सेकंदाला दहा-पंधरा न्यूट्रिनो निघतात.

"काय सर, तुमच्या न्यूट्रिनोनं केळीले भाव भेटीन का?"

सगळे हसले. साळे लोकही हसले, त्यांची तर केळीच आहे. वर साडूंचा निकाल, "ज्याले वजन नही, जे दिसत नही, ते नहीच."

मी त्यांच्याच भाषेत गेलो. म्हटलं, केळीची गाडी शेतातून भरून निघाली आणि काट्यावर दर खेपेला कमी भरली, तेही दर वेळी वेगवेगळी, तर तुम्ही काय म्हणाल? मधे कोणीतरी माल काढतंय, हेच ना? बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्र इलेक्ट्रॉन बाहेर टाकून बदलतं तेव्हा, नेमकं हेच व्हायचं. अणुकेंद्रातून निघणारा इलेक्ट्रॉन दर वेळी कमी-जास्त ऊर्जा घेऊन यायचा आणि हिशोब जुळायचा नाही. बोहरसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सोडायला निघाला होता. १९३० मध्ये पाउली या भौतिकशास्त्रज्ञानं सांगितलं की एक न दिसणारा कण उरलेली ऊर्जा नेतोय. तो प्रत्यक्ष पकडला रेइन्स आणि कोवन यांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हरच्या अणुभट्टीजवळ.

"म्हणजे सव्वीस वर्षं उधारी," साडू म्हणाले. ही मात्र मला आवडली, वर्गात वापरली पुढे.

पण वसूल झाली ना उधारी? आणि वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा सापडले त्या जागांमध्ये आपली कोलारची सोन्याची खाण आहे. १९६५, दोन किलोमीटरहून जास्त खोल, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची माणसं, सोबत जपानी आणि इंग्रज. मी हे शिकवायला लागलो की मुलं वही मिटायची, कारण सीईटीला येत नाही. तो साडूंचाच प्रश्न, फक्त वय कमी.

वजनाचंही साडू चुकले. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे आणि नंतर कॅनडाच्या सडबरी या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. वस्तुमान असल्याशिवाय हे होत नाही. किती, ते अजून मोजता आलेलं नाही, पण इलेक्ट्रॉनपेक्षा दहा लाख पटींहून हलका हे जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगातून कळलंय. मूळ सिद्धांतात ते शून्य धरलं होतं. आणि न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण, म्हणजे उलट्या गुणांचा जोडीदार, आहे का, हे अजून कोणालाच माहीत नाही, त्यामुळे "पदार्थ म्हणजे काय" याचं पुरतं उत्तर माझ्याकडे मागू नका.

उपयोग? केळीला भाव मिळणार नाही. अणुभट्टी चालू आहे की बंद, हे बाहेरून न्यूट्रिनो मोजून कळतं, एवढं सांगता येईल. पण उपयोग विचारणाऱ्याला उपयोग सांगत बसूच नये. त्याच्या धंद्यातला आकडा काढून समोर ठेवावा.

हो, वर राहिलं: केळीला घाबरू नका. आपल्या अंगातच पोटॅशियम-४० चे सेकंदाला चारेक हजार अणू फुटतात, केळं खा नाहीतर नका खाऊ. आणि केळातून निघणाऱ्यांना मी सरसकट न्यूट्रिनो म्हटलं, तरी त्यातले बहुतेक अँटिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचे प्रतिकण म्हणतात ते, असतात.

आता आकडा. पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत निम्मं वजन पोटॅशियमचं असतं. म्हणजे एका गोणीतून सेकंदाला सात-आठ लाख न्यूट्रिनो. साडूंच्या गोदामात थप्पीच्या थप्प्या आहेत आणि दुपारी ते तिथेच आडवे होतात. हे उत्तर त्यांच्या मुलाला पाठवतोय, काउंटरवर तोच बसतो हल्ली.